अर्ध्या बोटाचं कोडं

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात कोटाची काजं हातानं करायची ती काकूंनीच. तेवीस वर्षांत त्यांचा एक टाका दुसऱ्या टाक्यावर चढला नव्हता. आणि आज सकाळपासून तिसऱ्यांदा सुई बोटांतून निसटली.

"काकू, काजं यंत्रावरच करून आणू का?" मास्तरांनी फरशीवर सुई शोधत विचारलं.

"आणा की! आणि मला खुंटीला टांगा," काकू फणकारल्या. पण मनात आलं, काजं गेली तर दुकानात त्यांचं काय उरणार?

गेले काही महिने हाताला मुंग्या यायच्या. झोपेतून उठून हात झटकावा लागे. अशक्तपणा असेल, म्हणून त्यांनी मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी आधारासाठी आणखी आवळली होती.

पण न कळलेली गोष्ट तशीच सोडणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुईच्या टोकानं एकेक बोट हलकेच टोचून पाहिलं. अंगठा, त्याशेजारचं बोट, मधलं बोट, सगळी बधिर. करंगळी टक्क जागी. आणि अनामिका? मधल्या बोटाकडची बाजू झोपलेली, करंगळीकडची जागी!

"मास्तर, हे बोट अर्धंच माझं आहे हो!"

"बोटाचीही वाटणी केलीत?"

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मात्र हे ऐकून मान डोलावली. "माझं निम्मं काम तुम्हीच केलंत. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून जाणारी नस बरोबर या साडेतीन बोटांना जाते. करंगळीच्या नसेची वाट वेगळी. मनगट वाकवून तासन्‌तास टाके घातले की बोगद्यात दाटी होते. आणि हे काय बांधलंय?"

"आधार."

"आधार कसला, त्या नसेवर पाय दिलाय तुम्ही! वेळेवर आलात. आणखी थांबला असतात, तर अंगठ्याखालचं मांस झिजलं असतं."

गादी मेजावर गेली. झोपताना मनगट सरळ ठेवणारी पट्टी आली. कापड उंच पाटावर घेतलं, म्हणजे शिवतानाही मनगट वाकायला नको. दर काजानंतर हात मोकळे सोडायचे, हा नवा नियम. अकरा काजांचा एक कोट मास्तरांनी कुरकुरत का होईना, काकूंचा हात बरा होईपर्यंत बाजूला ठेवला.

दर सोमवारी काकू बोटांची परीक्षा घेत. पहिले पाच सोमवार मधलं बोट नापास. सहाव्या सोमवारी दुकानात जोरात आवाज आला, "आई गं!"

मास्तर कात्री टाकून धावले. "टोचलं का?"

"टोचलं की! मधल्या बोटाला चांगलं सणसणून टोचलं!" काकूंचा चेहरा फुलला होता. "आणा तो कोट इकडे."