चिमटीतली मोरस

तापातून उठल्यापासून सासूबाईंची चव गेली होती. पानात पडेल ते त्या मुकाट्याने जेवायच्या. लग्नापासून माझ्या प्रत्येक भाजीवर शेरा मारणारी ही बाई "छान झालंय" म्हणू लागली, तेव्हा मात्र मी घाबरले. कसबा पेठेतल्या आमच्या घराला इतका गोडवा झेपणारा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, येईल चव हळूहळू. मग एके दिवशी त्याच म्हणाल्या, "मोरस मिळाली तर बघ." त्यांचं माहेर कोकणातलं, मिठागराच्या काठचं. मोरस हे तिथल्या खाऱ्या चिखलात वाढणारं झुडूप. पाला मुळातच खारट, भाजीत मीठ घालावं लागत नाही. पुण्यात ती कुठून आणणार? पण शहराबाहेर मांजरी गावात माझ्या मैत्रिणीचं शेत आहे. उसाला पाणी पाजून पाजून त्यातला एक तुकडा खारवट झालाय, आणि जमिनीतला खार ओढून घेतील म्हणून तिने तिथे किनाऱ्यावरची झुडपं लावलीत. सासूबाईंना रिक्षात घालून मी थेट तिथे नेलं.

झुडपं दोन जातींची, एकमेकांत घुसलेली. दोन्ही गुडघ्याएवढी, रसरशीत, हिरवी-तांबूस. मी हौसेने पिशवीभर खुडली. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"चष्मा घरी राहिला वाटतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी एक डहाळी चिमटीत धरून ओढली. बारीक, लांबट पानं सुटून हातात आली. "ही मोरस." दुसरीला पानंच नव्हती, मण्यांच्या माळेसारखी नुसती पेरावर पेरं. "ही नव्हे." निम्मी पिशवी बांधावर रिकामी झाली. त्यांचा तो जुना तोरा पाहून मला फार बरं वाटलं.

घरी येऊन पाला दोनदा उकडला, पाणी काढून टाकलं, चणाडाळ आणि ओलं खोबरं घालून परतला. सवयीच्या हाताने मीठही पडलं, मला कळलंसुद्धा नाही. नैवेद्याआधी चाखायची आमच्याकडे पद्धत नाही.

पहिल्याच घासाला नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला, आणि आईकडे बघितलं. सासूबाईंनी घास तोंडात घोळवला. थांबल्या.

"अगं, यात मीठ घातलंस?"

माझे डोळे वाहायलाच लागले. इतका आनंद मला कुठल्या कौतुकाने कधी झाला नव्हता.

सासूबाईंनी भाजीचं पातेलं माझ्यापासून लांब सरकवलं.

"रडायचं तर तिकडे जाऊन रड," त्या म्हणाल्या. "आधीच खारट झालीये."