पंडुम होईपर्यंत

गडचिरोलीत आम्ही गोंड मुलांसाठी पहिलीचं पुस्तक करत होतो, तेव्हा चित्रं काढायला वडशाचा एक चित्रकार यायचा. हिवाळाभर तो झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवी. त्याची खोड अशी, की चित्र आधी आम्हाला दाखवायचाच नाही. एसटीने गावात जाऊन कुणाच्यातरी अंगणात कागद पसरायचा आणि म्हाताऱ्यांना, पोरांना विचारायचा, "असंच असते ना? नसन तर सांगा." कुणी चूक काढली, की याचा चेहरा खुलायचा. आमचं काम रखडायचं आणि मी चिडायचो.

एकदा आंब्याच्या धड्याचं चित्र अडलं. पोरं झाडाखाली आंबे खातात, एवढंच काढायचं होतं. पण पंडुमच्या सणाला नवा आंबा देवाला वाहिल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही, असं गावातल्या एका आजीने त्याला सांगितलं. तो सण बघितल्याशिवाय चित्र काढणार नाही म्हणाला.

त्याच आठवड्यात तो माझ्या घरी आला. बायकोने कैरीचं पन्हं दिलं, तर याने नुसतं पाणी मागितलं.

"अहो, सण त्यांचा. तुम्ही कुठे गोंड आहात?" मी वैतागून म्हणालो.

"नाई ना. पण चित्र त्यायचं काढून राह्यलो. त्यायच्या पोरायच्या आधी मीच खाऊ काऊन?"

पुढे एका दुपारी तो एसटीतून उतरून थेट घरीच आला. चित्रात आधी पूजा होती, मग पोरांच्या हातात आंबे. आजीने दिलेले चार आंबे त्याने माझ्यापुढे ठेवले.

"झाला पंडुम," तो म्हणाला. "आता छापा. आन् वहिनीले म्हना, पन्हं आना."