दगडावर काढलेले दगड

"बिलकुल नवी करून टाकतो!" असं म्हणत बांधकाम खात्याचे ओव्हरसियर साहेब आमच्या कचेरीच्या भिंतीवर दोन बोटांनी टकटक करायचे. डॉक्टर छातीवर करतो तसं. फरक एवढाच, की डॉक्टर नंतर ऐकतो तरी. चांगली वस्तू ज्याच्या हाती गेली की आपल्यालाच धास्ती वाटावी, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमची तालुका कचेरी निजामाच्या काळातली. दर्शनी बाजू सगळी घडीव काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. तिच्या कमानीखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहायचो. मंत्री येणार म्हणून साहेबांनी त्या दगडावर सिमेंटचा गिलावा चढवला. मंत्र्यांनी गाडीतून उतरताच विचारलं, "ती जुनी दगडी कचेरी कुठंय?"

झालं! आठवड्यात साहेब परांचीवर. गिलाव्याला काळा रंग, वर पांढऱ्या रेषा. खऱ्या दगडावर खोटे दगड काढले हो या माणसानं!

"साहेब, खालचेच उघडे केले असते तर?"

"खालचे सारखे कुठं व्हते? हे बघा, सगळे बराबर एका मापाचे. तुम्ही अर्ज लिहा."

पुढं भिंतीतली ओल आत कोंडली. गिलावा फुगला, तडकला. जिल्ह्याचे इंजिनियर आले, तडे पाहून म्हणाले, "भिंत फाटलीय. पाडून टाका."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "भिंत न्हाई फाटली, सर! माझा गिलावा फाटलाय!" भर चौकात ओरडले. कोण ऐकतंय! मग रजा टाकून स्वतःच छिन्नी-हातोडी घेऊन चढले. आपलंच काम इतक्या रागानं फोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आतला दगड जसाच्या तसा निघाला. पाडायचं रद्द झालं. त्या दिवशी मला, खरं सांगतो, त्यांच्याविषयी फार माया वाटली.

ते निवृत्त होऊन जाफराबादला गेले. नव्या मंत्र्याचा दौरा लागला. नव्या ओव्हरसियरनं पुन्हा गिलावा चढवला आणि वर पुन्हा दगड काढले.

पुढं एकदा पेन्शनच्या कामाला साहेब आले आणि रस्त्यापलीकडंच थांबले. मी धावत गेलो. डोळे भरले होते त्यांचे.

"रेषा तरी सरळ मारायच्या न्हाई का," एवढंच म्हणाले, आणि काम तसंच टाकून स्टँडकडं चालू लागले.