अमावस्येचा आकाशपाळणा

पाळण्याची कडी लागली होती. बाबा बसले होते, मी बसले होते, आमचे पाय जमिनीपासून वीतभर सुटले होते. आणि तिकीटवाल्यानं कडी पुन्हा काढली.

"ए बुढ्या, उतर. स्पेशलवाले आले."

बाबा उतरले. नुसते उतरले नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यांनी ती फळी पुसली, आपण बसलो होतो म्हणून. पुसून बाजूला झाले आणि मला म्हणाले, "उतर वं बाई. मोठी माणसं हायेत."

मी उतरले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःला फार शूर दाखवणार आहे.

उमरेडमध्ये मला सगळे थापाडी म्हणतात. खोटं नाही ते. माझ्या गोष्टीतला साप पंधरा हातांच्या खाली येत नाही. आमच्या घरचा माग रात्री आपोआप चालतो, असं सांगून मी शाळेतल्या पोरींकडून वर्षभर बोरं खाल्ली. पण इथं त्या दिवसाला मी बोटभरही वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

तेव्हा मी सोळा वर्षांची होते. बाबा विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलं ते गेलं, उरलं आहे तेही फार दिवस राहायचं नाही. उन्हात त्यांना दिसायचं, तेही, त्यांच्या भाषेत, कांडीच्या भोकातून पाहावं तेवढं. दिवेलागण झाली की तेवढंही नाही.

आणि अशा माणसानं एकच हट्ट धरला. नागपूरला प्रदर्शन लागलं होतं, त्यात आकाशपाळणा आला होता. त्यात बसून मिलची चिमणी पाहायची.

"काहून गा बाबा? चिमणी तं रस्त्यावरूनही दिसते."

"रस्त्यावरून मान वर करा लागते. अर्धे माग त्या मिलनं बंद पाडले आपले. एकदा तिच्या बरोबरीनं बसून पाहाचं हाय मले. मंग डोळे गेले तं जाऊ दे."

बेत मी आखला. नागपूरच्या एसटीच्या कंडक्टरला विचारून विचारून त्याचं डोकं खाल्लं. रविवारी पाय ठेवायला जागा नाही, तो म्हणाला. साध्या तिकिटाची रांग दोन तास. दोरीपलीकडे स्पेशल तिकीट, त्याला रांगच नाही, पण भाव तिप्पट. आणि रविवारी तोही वाढतो. मग मी खलबत केलं, जसं काही किल्ला घ्यायचा होता. स्पेशल आपल्याला परवडत नाही, तर गर्दी नसेल असा दिवस काढायचा. असा दिवस कोणता? अमावस्या. अमावस्येला कोण मौजेला निघतं? शिवाय त्या दिवशी माग बंद, खाडा पडायचा नाही. मी स्वतःवर इतकी खूश झाले की आठवडाभर आळीत कुणाशी सरळ बोलले नाही.

तीन वाजता मैदानात पोचलो. रांग लागलेली, पार फाटकापर्यंत. पुढच्या बाईनं मागं वळून विचारलं, "कुठून आली वं पोरी?"

"उमरेडहून. म्हटलं आज गर्दी नसन."

ती हसली. तिच्या पुढचा हसला. हसू रांगेतून लांबपर्यंत गेलं. "अवं, आम्ही बी तेच म्हटलं. आज अमावस, माग बंद. नागपुरात आज एक माग चालू असन तं दाखव मले."

सारे विणकर. ज्याच्या त्याच्या बोटाला सुताच्या खळीचा वास. सगळ्यांनी एकच अक्कल चालवली होती.

तरी रांग सरकली असती. पण पाळणा थांबला की आठातल्या पाच झुल्यांत दोरीपलीकडची माणसं बसायची. ती येत, बसत, जात. आम्ही उभे. उन्हाळ्यात डबकं आटावं तसा उजेड आटत होता आणि मी तो डोळ्यांनी मोजत होते. बाबा दर थोड्या वेळानं विचारायचे, "किती राहिला वं सूर्य?"

"पुष्कळ आहे," मी म्हणायची. पहिल्यांदा ते खरं होतं.

सूर्य मैदानापलीकडच्या किल्ल्याच्या टेकडीवर हातभर असताना आमचा नंबर लागला. बसलो. कडी लागली. आणि मग ते, जे वर सांगितलं.

आमच्या जागी एक साहेब, त्याची बायको, एक गुबगुबीत पोरगी. बायकोच्या अंगावर करवती काठाची साडी. ती साडी आमच्याच मागावरची होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मला माहीत नाही.

मी तिकीटवाल्याला म्हणाले, "दादा, माझ्या बाबाले अंधारात दिसत नाही. उजेड हाय तोवर बसवून द्या. हात जोडते."

"मंग स्पेशल काढाचं होतं ना."

परतीच्या एसटीचे पैसे मुठीत धरून मी खिडकीकडे धावले. गर्दी पाहून पाटीवरचा भाव पुसून नवा लिहिला होता, पाटी अजून ओली दिसत होती. माझ्या मुठीत एकाच माणसाचं स्पेशल होतं. बाबा म्हणाले, "एकटा बसून काय करू? कुठं पाहाचं ते कोण दाखवन मले?" मी तिकीटवाल्याकडे परत गेले. पाया पडायला वाकलेसुद्धा. तो दोरी धरून उभा होता. म्हणाला, "ज्याले दिसतच नाही तो खाली बसला काय अन् वर बसला काय."

दोरीपलीकडून कुणीतरी हसलं. बाबाही हसले. कसंनुसं, चुकल्यासारखं.

आणखी तीन फेऱ्या गेल्या. सूर्य टेकडीमागे गेला. आकाश लाल, मग मातकट, मग काही नाही. प्रदर्शनाचे दिवे लागले, माणसं आनंदानं ओरडली. बाबांनी माझा दंड घट्ट धरला. त्यांना आता दिसत नव्हतं.

चौथ्या फेरीला बसलो. कडी लागली. आणि पुन्हा दोरी वर झाली, पुन्हा कुणी चांगल्या कपड्यांतलं आत आलं. "चला, उतरा." बाबा उठू लागले, दुपट्ट्याकडे हात गेला.

मी तो दुपट्टा ओढून मांडीखाली घातला. कडीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"नाही उतरत."

"ए पोरी..."

"नाही उतरत. हात तोड."

त्यानं माझी बोटं सोडवायला घेतली. मी त्याच्या मनगटाला चावले. आपली फेरी संपवून दोरीशी थांबलेली ती मघाची बाई ओरडली, "राहू दे रे तिले," आणि मग सगळे विणकर ओरडू लागले. मी सांगताना ते पाचशे होतात. पन्नास असतील. तिकीटवाल्यानं शिवी घातली आणि हात हलवला. पाळणा उचलला गेला.

वर पोचलो. बाबांचा चेहरा दोन्ही हातांत धरून मी मिलच्या बाजूला वळवला.

"हाय का वं चिमणी?"

"आहे."

"मले नाही दिसत."

मी थापाडी. एका दमात त्यांना आख्खं नागपूर दाखवलं असतं. धुराचा रंग सांगितला असता, चिमणीवरचा कावळा सांगितला असता. त्यांनी मानलंही असतं. शब्द तोंडात आले होते.

"मघा उतरलो नसतो तं दिसली असती का वं?"

"हो बाबा. दिसली असती."

पाळणा खाली येऊ लागला तेव्हा बाबांनी फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "फळी बी मीच पुसली वं."

होळीपर्यंत त्यांचे डोळे गेले. त्यांनी चिमणी बरोबरीनं पाहिली नाही. माझी ती चावण्याची गोष्ट लोकांना फार आवडते, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मी सांगते. पण मला माहीत आहे, मी चावले ते सूर्य बुडाल्यावर. हातभर उजेड होता तेव्हा मी गुपचूप उतरले होते.

परवा एसटीत पुढच्या बाकावर बसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाई, मागं व्हा जरा, साहेबांच्या घरचे हायेत." त्याचं पुरतं बोलून व्हायच्या आत मी म्हणाले, "नाही." तो थांबला, गाडी थांबली, लोक माझ्यावर करवादले. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी उठले नाही.