आजोबांचा दाखला

डांबरगोळ्यांचा वास आला की परतूरच्या मोठ्या काकांचं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर येतं. इंजिनीअरिंगला माझा नंबर लागला होता, पण शिष्यवृत्तीसाठी जात पडताळणी हवी होती आणि तिला लागणारा आजोबांच्या शाळेचा जुना दाखला त्या कपाटात होता. आई, बाबा आणि मी भर उन्हात गेल्तो. काकांनी दाखला काढला, आम्हाला दाखवला, परत आत ठेवला आणि कुलूप लावलं. “माझ्या पोरासाठी मी दोन वर्षं चपला झिजवल्या. तुम्हाला आयतं न्हाई मिळणार.” बाबा म्हणाले, “दादा, झेरॉक्स काढून लगेच आणून देतो.” “न्हाई म्हणलं ना.” बाबा हात जोडायला लागले, तसा आईनं त्यांचा दंड धरला. “उठा. मामंजी शिकले ती शाळा अजून जागेवर हाय.” त्या शाळेत तिनं चार खेपा घातल्या, हेडमास्तरांशी भांडली, जुनी रजिस्टरं काढायला लावली आणि नोंदीचा उतारा घेऊनच आली. मला शिष्यवृत्ती मिळाली. आता लग्नकार्यात काका पाहुण्यांना मोठ्यानं सांगतात, “ही आमची पुतणी, इंजिनीअर.” मी त्यांच्यादेखतच पाहुण्यांना सांगते, “यांना काका म्हणणं मी कॉलेजात जायच्या आधीच सोडलंय.”