पाठमोऱ्या बाई

शाळेतली मुलं बाईंना त्यांच्या मागे 'भोंगा' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यात खोटं काय होतं म्हणा! दुसऱ्या मजल्यावर त्या नाटक वाचायला लागल्या की खाली शिपाई घंटा द्यायचा विसरे. नाट्यवाचनाचा तास त्यांनी हेडसरांकडे हट्ट धरून मिळवला होता. पद्धत सरळ होती: आधी बाईंनी वाचायचं, मग मुलांनी तस्संच. दरवर्षी वार्षिक कार्यक्रमात एकच ठरलेला प्रवेश व्हायचा. लेक दूरगावी नोकरीला निघते आणि म्हातारा दुकानदार बाप म्हणतो, "जातेस तर जा. दार मी लावून घेईन." तिथे पालकांचे रुमाल निघत आणि बाई धन्य होत.

यंदा त्यांचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी स्वरयंत्रावरची गाठ काढली आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत अवाक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही."

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. "आपल्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं, हे मला आजच कळलं," ते म्हणाले. बाईंनी डोळे वटारले. मग ते हळूच म्हणाले, "अगं, रजा घे. आवाजाशिवाय वर्गात करणार काय तू?"

बाईंच्या जिव्हारी लागलं, कारण त्यांना स्वतःलाही तोच घोर होता. हेडसर तर बोलूनच गेले होते, "यंदाचं वाचन कसं होतंय ते बघू, नाहीतर तास दुसऱ्या कुणाला देऊ." बाई दुसऱ्याच दिवशी वर्गात हजर.

हातानेच त्यांनी खूण केली: वाचा. बापाचं काम करणारा मुलगा त्या वाक्यापाशी आला, घसा खाकरला आणि मग म्हणाला, "जातेस तर जा." दुसऱ्याला उठवलं, तोही खाकरला. तिसरी मुलगीही खाकरली. वर्गात सर्दीची साथ आली की काय, असं बाईंना वाटलं. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. दुखऱ्या घशामुळे गेली कित्येक वर्षं त्या स्वतःच या वाक्याआधी खाकरत होत्या, आणि मुलांनी ते इमानेइतबारे उचललं होतं! बाई आवाज न करता पोट धरून हसल्या. हसू ओसरलं तशी त्यांना लाज वाटली. नाटक राहिलं बाजूला, मुलं त्यांचा घसा शिकत होती.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मी पाठमोरी बसणार. खरं वाटलं तर हात वर करीन.'

मुलं गांगरली. उचलायला ना आवाज, ना चेहरा. कितीतरी दिवस हात खालीच. मग एकदा "पाणी देऊ का?" एवढ्याशा वाक्याला तो वर गेला आणि वर्गात जल्लोष झाला. पुढे बापाचं काम करणारा मुलगा आजारी पडला, म्हणून ते काम वर्ग जिला 'पुटपुटी' म्हणे तिच्याकडे आलं. ही पोरगी वाचायची ते तिच्या शेजारणीलाही ऐकू जात नसे. ती खाकरली नाही, रडली नाही. जरा चिडूनच म्हणाली, "जातेस तर जा." मग थांबली. "दार मी लावून घेईन." बापाला लेकीकडे बघवत नाही म्हणून तो कडी शोधतोय, असं बाईंना पाठमोरं बसूनही दिसलं. हात कधी वर गेला, त्यांचं त्यांना कळलं नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज आला, पण चिरका, निम्मा. भोंगा कायमचा गेला होता. दुसऱ्या दिवशी पुटपुटी रंगमंचामागे त्यांना बिलगली. "बाई, एकदाच म्हणून दाखवा ना तुमच्यासारखं! माझं चुकेल."

वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "मला नाही गं येत तुझ्यासारखं," त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन, रंगमंचाकडे पाठ करून बसल्या. बाई रुसल्या की काय, म्हणून हेडसर शेजारी बसलेल्या बाईंच्या यजमानांकडे बघू लागले.

ते वाक्य जवळ आलं. सभागृहात जागोजागी बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी सवयीने घसा खाकरला. पुटपुटी तेवढी खाकरली नाही. "जातेस तर जा," ती म्हणाली आणि थांबली.

पुढचं वाक्य यायच्या आधीच बाईंचा हात वर गेला होता.