तायडे सिस्टरांनी सोडलेली बोट

तायडे सिस्टर कोणाला भेटल्या की हात जोडत नसत, मनगट धरत. आमची पहिली भेट नागपूर विमानतळाकडे निघालेल्या टूरच्या बसमध्ये झाली. अमरावती सोडली तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी होती. तिवसा मागे पडलं आणि मागच्या सीटवरून एक उंच, सावळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई उठून माझ्याजवळ येऊन बसली. न विचारता तिनं माझं मनगट हातात घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मी अवघडून गेले. जरा वेळानं मनगट सोडून ती म्हणाली, "सकायपासून काई खाल्लं नाई तू." आणि पर्समधून संत्रं काढून सोलायला लागली.

त्यांचं म्हणणं खरं होतं. नवरा गेल्यापासून सकाळी काही खायची माझी सवयच मोडली होती. मुलगी हैदराबादला नोकरीला. "आई, कॉलेजला सुट्ट्या आहेत तर जाऊन ये कुठंतरी," असं म्हणून तिनंच माझं नाव या थायलंडच्या टूरमध्ये घातलं होतं. टूरमध्ये सगळी जोडपी. एकट्या अशा आम्ही दोघीच, म्हणून टूरवाल्यानं आम्हाला एका खोलीत टाकलं. मी शिकवते हे कळल्यावर सिस्टरांनी माझं नाव कधी घेतलंच नाही. शेवटपर्यंत मी 'मास्तरीनबाई'च राहिले.

त्या दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सगळी नोकरी बाळंतिणींच्या खोलीत गेली. निवृत्तीनंतर अमरावतीला शेगाव नाक्याजवळ दोन खोल्यांत एकट्या राहत. नवरा फार लवकर गेला होता, मूल नव्हतं. आमच्या टूरमधल्या राऊतबाईंचा धाकटा मुलगा त्यांच्याच हातचा. राऊतबाई हे कौतुकानं सगळ्यांना सांगत, तेव्हा सिस्टर नुसत्या मान हलवत. खोलीवर आल्यावर मात्र मला म्हणाल्या, "पयल्यांदा लेकरू माह्याच हातात येये, मास्तरीनबाई. पन घरी जातानी जो तो आपलं लेकरू घेऊन गेला."

त्या आल्या होत्या बँकॉकच्या बुद्धमूर्ती पाहायला. समुद्राचं त्यांना काही नव्हतं. निजलेल्या बुद्धाच्या त्या अवाढव्य सोनेरी मूर्तीसमोर पांढरी साडी नेसून त्या किती तरी वेळ उभ्या राहिल्या. बाकीचे फोटो काढून बाहेर चपला घालत होते. मी बोलवायला गेले तर हळूच म्हणाल्या, "मी तथागताले भेटाले आली होती. भेट झाली. आता समुद्र फुकटातला."

हा फुकटातला समुद्र क्राबीला होता. बेटांवर गर्दी व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून स्पीडबोट उजाडतानाच सुटणार होती. हॉटेलातून निघालो तेव्हा रस्त्यावरचे दिवे जळत होते. धक्क्यावर कागदी पेल्यातून आल्याचा चहा दिला, सगळ्यांच्या चपला एका टोपलीत गोळा केल्या, नारिंगी जॅकेटं चढवली. अनवाणी पायांनी ओल्या फळीवरून बोटीत उतरताना आमच्या सगळ्या वऱ्हाडी मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सिस्टर तेवढ्या शांत. एकेकाला हात देऊन उतरवत होत्या, उलटीची गोळी देत होत्या. "गियून घे. चघयू नोको. समोर पाहाचं, खाली नाई पाहाचं."

बोट सुटली आणि तिचं नाक वर उचललं गेलं. पाण्यावरून नव्हे, खडकांवरून चाललोय असे दणके बसायला लागले. बायका ओरडत होत्या, पुरुष हसण्याचं नाटक करत होते. आणि मग सूर्य वर आला. समोर पाण्यातून सरळ वर उठलेले डोंगर, त्यांच्या डोक्यावर झाडी, खाली पाणी आधी करडं, मग हिरवं, मग असं निळं की मला त्याला नावच देता येईना. सिस्टरांनी बाजूचा दांडा घट्ट धरला होता. पाण्याचा सपकारा तोंडावर आला तशी त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि मोठ्यानं हसल्या.

"अव माय! हे तं आपल्या खारपानपट्ट्यातलंच पानी हाय वो! सारा जनम आमी विहिरीचं हेच पेलो. दर्यापूरची म्हनून घेतलं अन् दर्या आज पाह्यला."

त्या दिवशीचं त्यांचं तेवढंच हसणं. पहिल्या बेटावर उतरलो आणि सगळे पाण्यात शिरले. मोबाईल, पाकिटं, चष्मे, टॉवेल, राऊतबाईंची औषधाची पिशवी, सगळं सिस्टरांपुढे येऊन पडलं. "सिस्टर आहेत नं!" कोणी विचारलंसुद्धा नाही. त्या झाडाखाली पाय लांब करून त्या ढिगाची राखण करत बसल्या. मी म्हटलं, "तुम्ही जा पाण्यात, मी बसते." त्या म्हणाल्या, "तू जाय. मले सवय हाय." जोडपी एकमेकांचे फोटो काढत होती, आणि दोघांचा एकत्र हवा असला की सिस्टरांना हाक मारत होती. त्या उठायच्या, फोटो काढून द्यायच्या, परत बसायच्या.

दुसऱ्या बेटावर पुन्हा तेच सुरू झालं. राऊतसाहेबांनी आपला टॉवेल त्यांच्या मांडीवर टाकला. सिस्टरांनी तो उचलला, घडी केली आणि वाळूवर ठेवला.

"आपापलं सांभाया," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि वाळूवरून सरळ चालू लागल्या. किनारा पुढे एका खडकामागे वळत होता. त्यांचा पांढरा सलवार-कमीज त्या वळणावर दिसेनासा झाला.  मग कोणीतरी म्हणालं, "थकल्या असतील," आणि सगळे पाण्याकडे वळले.

निघायची शिट्टी झाली. गाईड मुलगी हाका मारत होती, इतर बोटींचीही गर्दी झाली होती. मी बोटीच्या पुढच्या टोकाला बसले. मागं छताखाली दाटीवाटीनं मंडळी होती. गाईडनं "सगळे आले?" असं इंग्रजीत विचारलं आणि आमच्या टूरवाल्या पोरानं अंगठा वर केला. बोट निघाली. ते बेट मागं लहान लहान होत गेलं. लाटा वाढल्या तशी राऊतबाईंना मळमळायला लागलं आणि त्यांनी डोळे मिटूनच हात पुढे केला, "सिस्टर, औषधाची पिशवी द्या."

कोणी दिली नाही. मग त्यांनी डोळे उघडले.

त्यानंतरचा गोंधळ मला अजून ऐकू येतो. टूरवाला पोरगा पांढराफटक पडला. "म्हातारी पाण्यात तं नाई गेली?" असं कोणीतरी बोललं आणि मग सगळेच ओरडायला लागले. सिस्टरांना पोहता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. बोट वळली. बेट सोडून फार वेळ झाला नव्हता, पण परत जाताना वाट संपेना. मी पाण्याकडे बघत होते आणि पांढरं काही दिसू नये म्हणून मनात विनवत होते.

बोट टेकली तशी मी उडी मारली आणि खडकाकडे धावले. सिस्टर खडकापलीकडे उथळ पाण्यात बसल्या होत्या. कमरेएवढं पाणी, मांडी घातलेली, अंबाडा सुटून केस पाठीवर. लाट आली की थोड्या हलत, गेली की परत तशाच.

"सिस्टर!" मला रडू फुटलं. "शिट्टी ऐकली नाही का तुम्ही?"

"ऐकली."

"मग?"

"बोट जातानीबी पाह्यली." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "उठलीच नाई. म्हनलं, या खेपी आपुन कोनाचं काई धरून नाई बसलो. आता पाहू, कोनाले याद येते का."

मी पाण्यात त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी विचारलं, "कोनाले आली?"

"सगळ्यांनाच आली, सिस्टर."

त्यांनी माझं मनगट धरलं. "खोटं. नाडी पयून राहिली तुही."

"धावत आले म्हणून पळतेय."

"मास्तरीनबाई."

मग मी खरं ते सांगितलं. राऊतबाईंना पिशवी हवी होती. मलाही त्याआधी कळलं नव्हतं, मला वाटलं तुम्ही मागं बसल्या आहात.

 सिस्टर रागावतील असं मला वाटलं होतं, रडतील असंही वाटलं होतं. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि म्हणाल्या, "म्हंजे पिशवीची आली याद." आणि पुन्हा ओंजळ भरत, "बरं केलं तू खरं सांगितलं. नाई तं मी जनमभर वाट पाह्यली असती."

बोटीत सगळ्यांनी त्यांना घेरलं. राऊतबाई गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं खोटं नव्हतं. सिस्टरांनी त्यांची पाठ थोपटली, गोळी दिली. एकालाही काही बोलल्या नाहीत. जेवणाच्या बेटावर मात्र त्यांनी आपलं ताट घेतलं, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि जेवण होईपर्यंत कोणी हाक मारली तरी उठल्या नाहीत.

परत आल्यावर आमचं जाणं-येणं सुरू झालं. रविवारी सकाळी फोन यायचा. "मास्तरीनबाई, मी आज तुह्या घरी जेवाले येऊन राहिली. कढीगोये कर." आधी मला नवल वाटायचं, असं हक्कानं कोणी स्वतःला बोलावतं का? त्यांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, "साऱ्या जिंदगीत मले लोकायनं बोलावलं, पन कोनाचं पोट दुखे तवा. आता मी बिनदुखीची जाते." ऑटोतून उतरताना त्यांना गुडघ्यांचा त्रास व्हायचा, पण हात दिलेला चालायचा नाही. जेवून झालं की खुर्चीतच त्यांचा डोळा लागायचा. मी पेपर तपासत बसायचे. बोलणं फारसं नसायचंच. माझ्या घरात दुसऱ्या कोणाचा तरी श्वास चाललाय, एवढं मला पुरायचं. त्यांनाही पुरत असावं.

मग त्यांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. अकोल्याचा पुतण्या मिलिंद येऊन त्यांना घेऊन गेला. भला माणूस. घर मोठं, माणसं पाच-सहा, सगळी कामावर, शाळेत, क्लासला. फोनवर सिस्टर म्हणायच्या, "इथं सारे चांगले हायेत. मले च्याबी हातात देतात. पन जो येते तो मोबाईल पाहत येते अन् पाहत जाते." आणि मग, "तू कवा येतं?"

मी बडनेऱ्याहून गाडी धरून जायचे. प्रत्येक वेळी त्या आणखी लहान झालेल्या दिसत. शेवटी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा पलंगावर ती उंच बाई कुठे संपते तेच कळत नव्हतं. मिलिंद डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेला. सिस्टरांनी मला जवळ बोलावलं.

"सांग. डाक्टर काय म्हनते?"

मिलिंदनं मला आधीच सांगितलं होतं, ते मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलण्याचा प्रश्न उरला नव्हता. त्यांनी मान हलवली, जशी एखाद्या बाळंतिणीची तारीख ऐकून हलवली असती.

"मले भेव लागते वो," त्या म्हणाल्या. "केवढ्या बायांच्या उशाशी बसली मी, भिऊ नोको, भिऊ नोको म्हनत. वाटे, बोललं का जाते भेव. नाई जात."

"काय करू मी?"

"काई नोको करू. बस."

मी बसले. खिडकीतून ऊन पलंगावर आलं, सरकत सरकत भिंतीवर गेलं. मिलिंद येऊन गेला, त्याची बायको डबा ठेवून गेली. गाडीची वेळ झाली तेव्हा सिस्टरांना झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षा होती. मी निघाले.

परीक्षा चालू असतानाच मिलिंदचा फोन आला. सकाळी तो दवाखान्याच्या खाली औषधं आणायला गेला होता, तेवढ्यात गेल्या. मी तशीच अकोल्याला गेले. घरी लोक जमले होते, त्रिशरण-पंचशील चालू होतं. पांढरी साडी नेसवून सिस्टरांना निजवलं होतं. दर्यापूरहून काही माणसं आली होती. टूरच्या आमच्या ग्रुपवर फोनमध्ये जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सगळं रीतसर चाललं होतं आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की शेवटी बाई एकटीच गेली.

अंत्यसंस्कारानंतर मिलिंदबरोबर मी दवाखान्यात सामान घ्यायला गेले. एक ताट, एक तांब्या, शाल, चष्मा. वॉर्डात एक तरुण नर्स होती, नवीनच लागलेली असावी. तिनं सगळं पिशवीत भरून दिलं आणि आम्ही निघणार तशी म्हणाली, "मॅडम, त्या गेल्या तवा मी होती जवळ."

मी थांबले.

"त्यायनं बेल दाबली. मी गेली, म्हनलं काय पाह्यजे, आजी? पानी देऊ? डाक्टरले बोलावू?" तिनं त्या पलंगाकडे बघितलं. "तं म्हने, काम काई नाई वो पोरी. नुसती ये."

"मग?"

"मंग काय, गेली. बसली त्यायच्यापाशी," ती म्हणाली. "दुसऱ्या पलंगाची बेल वाजत होती. तरी बसली."